विंडोज सर्व्हरला एनमॅप लिनक्स म्हणतो तेव्हा

निम्म्या विंडोज सर्व्हरना एनमॅपने (नेटवर्कवरची मशीन तपासणाऱ्या स्कॅनरने) ‘लिनक्स, ९३ टक्के’ ठरवलं आणि ‘ओएसस्कॅन-गेस’ हा ऑपरेटिंग सिस्टीमचा अंदाज बांधायचा पर्याय लावूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. पडणारही नाही. त्या पर्यायाने अंदाज जरा सढळ हाताने छापले जातात, नवी माहिती काहीच येत नाही. आणि ९३ टक्के म्हणजे बरोबर असण्याची शक्यता नव्हे. डेटाबेसमधल्या एका फिंगरप्रिंटशी (एखाद्या सिस्टीमच्या उत्तरांच्या ठेवणीशी) तेवढं जुळलं, इतकंच.

आउटपुटमध्ये एक इशारा असेल, जो कुणी वाचत नाही: किमान एक उघडा आणि एक बंद पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा क्रमांकित दरवाजा) सापडला नाही. घोडं इथंच पेंड खातं. एनमॅप उघड्या आणि बंद टीसीपी पोर्टवर, शिवाय बंद यूडीपी पोर्टवर पॅकेट टाकतो आणि उत्तरातली विंडो साइज, टीसीपी ऑप्शनचा क्रम, टीटीएल वगैरे तपासतो. विंडोजची फायरवॉल चालू असली की बंद पोर्टवरून रिसेट (‘इथे कुणी नाही’ असं उत्तर) येतच नाही, म्हणजे निम्मा पेपर कोरा. वर मध्ये लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा) असला तर ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर उत्तर देतो तोच, आणि तो बरेचदा लिनक्सवर चालतो. फिंगरप्रिंट त्याचं, आयपी तुमच्या सर्व्हरचा!

तेव्हा स्कॅनर शक्यतो सर्व्हर ज्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या भागात) आहेत त्यातच बसवा. त्याहून कामाचं म्हणजे ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा असेल तर एनमॅपची ‘आरडीपी-एनटीएलएम-इन्फो’ ही स्क्रिप्ट चालवा. एनएलए (रिमोट डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासण्याची सोय) चालू असलं की लॉगिन न करताच सर्व्हर स्वतःचा बिल्ड नंबर (विंडोजच्या आवृत्तीचा क्रमांक) सांगतो. १०.०.२०३४८ आला की सर्व्हर २०२२. १०.०.१७७६३ आला तर मात्र थांबा: सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० ची १८०९ आवृत्ती, दोन्हींचा बिल्ड तोच. तिथे होस्टनेम किंवा चालू सेवा बघून ठरवावं लागतं.

लिनक्सच्या बाबतीत ‘४.१५ ते ५.१९’ अशी कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) रेंज मिळते, डिस्ट्रो (उबंटूसारखा लिनक्सचा प्रकार) नाही. डिस्ट्रो एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) बॅनरमध्ये, म्हणजे जोडताच येणाऱ्या ओळीत, सापडते, ‘ओपनएसएसएच ८.९पी१ उबंटू’ दिसलं की बहुधा २२.०४.

मशीन तुमचीच आहेत, तर स्कॅनरला लॉगिन देऊन सरळ आतून विचारायला लावा. अंदाजाचा खेळ फक्त ज्यांचं लॉगिन नाही अशा प्रिंटर, कॅमेऱ्यांपुरता ठेवा. त्यांचं फिंगरप्रिंट एनमॅपकडे पाठवायचं असेल तर आउटपुटमध्ये ‘जी=वाय’ (म्हणजे फिंगरप्रिंट पाठवण्याजोगं) आहे ना, बघून घ्या; ‘जी=एन’ असेल तर पाठवू नका.