माहं वावर, माहं पानी

प्रश्न : काका, नमस्कार. मी वरुड तालुक्यातला कास्तकार. साडेचारशे संत्र्याची झाडं आहेत. आजोबांची विहीर 55 फुटांची, ती आता दिवाळीतच तळ दाखवते. सात वर्षांपूर्वी 320 फुटांचा बोअर मारला, त्याच्यावरच बाग उभी होती. औंदा शेजाऱ्यानं धुऱ्यापासून चाळीस पावलांवर 900 फुटांचा बोअर मारला. जानेवारीत मी आंबिया बहाराचा ताण तोडला, म्हणजे फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं बागेचं पाणी पुन्हा सुरू केलं, अन् पंधराव्या दिवशी माझा बोअर हवा फेकू लागला. शेजाऱ्याला बोललो तर म्हणते, "माहं वावर, माहं पानी. तुले काय करायचं?" गावाच्या नळयोजनेची विहीर माझ्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर, नाल्याकाठी आहे. उन्हाळ्यात तिचंही पाणी पुरत नाही. मुलगा सांगत होता, अमेरिकेत वाळवंटातल्या डबक्यातल्या मासोळीसाठी कोर्टानं मोठ्या कास्तकाराचे पंप आवरले. हे खरं आहे का? मासोळीला न्याय मिळतो, तर मला का नाही?

उत्तर : भाऊ, मुलगा खरं सांगतो. त्या डबक्याला डेव्हिल्स होल म्हणतात, म्हणजे सैतानाचं भोक. नेवाडाच्या वाळवंटात, डोंगराच्या कपारीत आहे. पाणी बारमाही कोमट आणि खोली अशी की तळ लागत नाही. त्यात इंचभर लांबीची एक मासोळी राहते, निसर्गात दुसरीकडे कुठेच नाही. एका बाजूला पाण्याखाली उथळ खडक आहे. तिथेच तिचं खाणं, तिथेच अंडी. 1952 साली अध्यक्ष ट्रुमन यांनी हे डबकं आणि भोवतालची 40 एकर जमीन डेथ व्हॅलीच्या राष्ट्रीय स्मारकाला जोडून राखीव केली.

तिथून चारेक किलोमीटरवर कॅपर्ट कुटुंबाचं 12,000 एकरांचं रँच. गवत, गहू, बार्ली आणि सतराशे-अठराशे गुरं. 1968 साली त्यांनी बोअरचे पंप सुरू केले आणि डबक्याची पातळी उतरू लागली. पातळी किती उतरली, हे कोणालाही अंदाजानं सांगावं लागलं नाही. 1962 सालीच कोणीतरी तिथल्या खडकात तांब्याचा एक वॉशर ठोकून ठेवला होता. पंप सुरू होण्याआधी पाणी त्या खुणेच्या 1.2 फूट खाली असायचं. 1969 मध्ये ते 2.3 फुटांवर गेलं आणि 1972 मध्ये 3.93 फुटांवर. तीन फुटांच्या खाली गेलं की अंड्यांचा खडक उघडा पडू लागतो.

सरकार 1971 मध्ये कोर्टात गेलं आणि 7 जून 1976 रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला. सरकारनं जागा राखीव केली त्या दिवशीच, ती जागा ज्यासाठी राखली त्याला लागेल एवढं पाणीही राखलं गेलं. 1968 चे पंप 1952 च्या हक्कानंतरचे, म्हणून ते मागे. राज्याचा परवाना कॅपर्टकडे होता, तोही कामी आला नाही. मात्र पंप काही साफ बंद पडले नाहीत. मासोळीला लागेल तेवढी पातळी ठेवून उरलेलं पाणी त्यांना उपसता आलं. गावकरी दोन्ही बाजूंनी चिडलेले होते. गाड्यांवर कोणी 'मासोळी वाचवा' चिकटवलं, कोणी 'मासोळी मारा'. आणि मासोळीचं म्हणाल तर 2013 च्या मोजणीत 35 उरल्या होत्या. निकाल लागला म्हणजे सगळं आबादीआबाद झालं, असं समजू नका.

आता तुमचं. तुमच्या शेजाऱ्याचं वाक्य अगदीच हवेतलं नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं भूगर्भातलं पाणी घेण्याचा हक्क सांगितला आहे. त्याच वाक्याचा आधार तुमच्याही बोअरला आहे, हे विसरू नका. म्हणून 'त्याचा बोअर विरुद्ध माझा बोअर' असा दावा घेऊन वकिलाकडे जाल, तर पाचेक वर्षं तारखा कराल आणि बाग तेवढी थांबणार नाही.

या मालकीला लगाम घालणारे कायदे नंतर आले. 1993 च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर काढायला मनाई केली. त्याच्या जागी आलेला 2009 चा कायदा 2014 पासून लागू आहे. त्यात अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे, आणि कायद्याच्या लेखी बोअरही विहिरीतच मोडतो. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. शेजाऱ्याचा 900 फुटांचा बोअर खोल, आणि तुमचा 320 फुटांचाही खोलच! शिवाय नळयोजनेची विहीर हाकेच्या अंतरावर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची हाक 500 मीटर जात असेल असं मला वाटत नाही. राग येईल, पण आधी मीच सांगितलेलं बरं.

मासोळीच्या जागी तुमच्या गावात कोण आहे, ते यावरून पाहा. तुम्ही नाही, नळयोजनेची विहीर आहे. कायदा तिच्या मागे उभा राहतो. तेव्हा तक्रार ग्रामपंचायतीची असू द्या. ग्रामसभेत ठराव घ्या, तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि तुमचा भाग अधिसूचित आहे का, ते जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातून लेखी मागा. नुसतं 'आमच्याकडे डार्क झोन आहे', म्हणजे भूगर्भातलं पाणी फार उपसलं गेलंय, हे पानठेल्यावर चालतं, अर्जात चालत नाही. शेजाऱ्यालाही सभेला बोलवा, त्याच्याही घरी नळ आहे.

मी नोकरीत तीस वर्षं विहिरी मोजल्या: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. एकदा दोन भावांच्या बोअरच्या भांडणात मला साक्षीला बोलावलं. दोघांनी कोरड्या पाइपचे फोटो आणले होते. साहेबांनी एकच विचारलं, "आधी पाणी कितीवर होतं?" दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. माझ्या वहीतली सर्वांत जवळची विहीरही दीड किलोमीटरवर होती, तिचा आकडा त्यांच्या काय कामाचा?

म्हणून अर्जाच्याही आधी मोजायला लागा. नळयोजनेच्या विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटनं ठिपका करा, मोजायचं दरवेळी तिथूनच. लोखंडी टेपच्या शेवटच्या मीटरभराला खडू घासा, टोकाला वजन बांधा. टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडा, ठिपक्यापाशी आकडा धरा आणि वर ओढा. ओला खडू गडद दिसतो. ओलं जिथवर असेल तेवढं वरच्या आकड्यातून वजा करा. मोजायचं पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना मोजलेलं पाणी खरं नसतं. दर सोमवारी एक ओळ, तारखेसह, ग्रामपंचायतीच्या वहीत. शेजाऱ्याचा बोअर आणि तुमचा बोअर किती तास चालला, तेही त्याच ओळीत.

दोन्ही बोअर आठवडाभर बंद ठेवायला त्याला राजी करता आलं तर फार बरं. त्या आठ दिवसांत विहिरीचं पाणी किती चढलं, ते त्याच वहीत लिहा. माझी जुनी 50 मीटरची टेप घरी पडून आहे. ग्रामपंचायतीला हवी असेल तर कळवा.