पाळलेला उंदीर अचानक चावायला लागलाय, काय करू?

सात महिन्यांचा नर, परवापर्यंत खांद्यावर बसायचा आणि आज बोट फोडलं, असं म्हणताय. म्हणजे बहुधा वयात आलाय. नरांचे हार्मोन्स साधारण 5-6 महिन्यांपासून उसळतात. केस फुलवून, फुसफुसत आडवा आडवा सरकतो का, सारखा कडेला अंग घासतो का, ते बघा. तसं असेल तर खच्चीकरण हाच खरा उपाय. फरक दिसायला काही आठवडे जातात. तोवर सोबत्यापासून वेगळा ठेवा.

त्याआधी दुखणं तपासून घ्या: वाढलेले दात, गाठ, जखम. इंदूरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, पण उंदीर हाताळतात का हे फोनवर विचारूनच निघा.

आमचा पठ्ठ्या तर फक्त सकाळी चावायचा! पोहे-शेव खाऊन तसाच हात गजांतून घालायचो, त्याला बोट म्हणजे जाड शेवच. हात धुवायला लागलो, चावणं बंद.

मारू नका, नाकावर टिचकीसुद्धा नको. रक्त आलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. 3 ते 10 दिवसांत, कधी 3 आठवड्यांनीही, ताप, पुरळ, सांधेदुखी आली तर उंदीर चावल्याचं आवर्जून सांगा.