आपला 'मी' कुठून आला, आणि कोकणीत 'हांव' का?

तुमचा प्रश्न असा: मराठीत 'मी', इंग्रजीत 'मी', आयरिशमध्ये 'मे', फारसीत 'मन', फिनिशमध्ये 'मिना', स्वाहिलीत 'मिमी', तर हा एकच शब्द जगभर पसरला का? आणि तसं असेल तर शेजारच्या कोकणीत 'हांव' आणि गुजरातीत 'हुं' कसं काय? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिल्याचा निम्मा गुंता आपोआप सुटतो.

शाळेत घोकलेलं संस्कृतचं 'अस्मद्', म्हणजे 'मी'ची रूपं, आठवा. अहम् आवाम् वयम्, माम् आवाम् अस्मान्, मया आवाभ्याम् अस्माभिः. घोकताना लक्षात येत नाही, पण 'अहम्' आणि 'माम्' यांचा एकमेकांशी उच्चाराचा काहीही संबंध नाही. कर्ता असेल तेव्हा एक शब्द, बाकी सगळीकडे 'म'वाला वेगळाच. हा विचित्रपणा संस्कृतचा एकटीचा नाही. लॅटिनमध्ये 'एगो' आणि 'मे', ग्रीकमध्ये 'एगो' आणि 'एमे', जर्मनमध्ये 'इख' आणि 'मिख', इंग्रजीत 'आय' आणि 'मी'. (इंग्रजीचा 'आय' हजार वर्षांपूर्वी 'इच्' होता, झिजून झिजून एक अक्षर उरला.) म्हणजे या सगळ्या भाषा जिच्यापासून निघाल्या त्या मूळ भाषेतच ही जोडगोळी होती. तेव्हा आपल्या 'मी'चा इंग्रजीतला नातेवाईक 'आय' नाही, 'मी'च आहे.

जाता जाता: 'त्याचा अहं दुखावला' आणि 'त्याचा इगो दुखावला' ही दोन वाक्यं आपण आलटून पालटून वापरतो. फ्रॉइडने जर्मनमध्ये साधं 'इख' म्हटलं होतं, इंग्रजी अनुवादकांनी त्याचं लॅटिन 'एगो' केलं. इख, एगो, अहं हे तिन्ही मुळात एकच शब्द. मराठीत 'अहम्' राहिला तो असा, अहंकारात आणि 'सोऽहं'मध्ये, तोही संस्कृतातून पुन्हा उचललेला. रोजच्या बोलण्यातून तो गेला.

कोकणीत मात्र तो गेला नाही. 'अहम्'ला 'क' जोडून 'अहकम्' असं लाडाचं रूप होतं. अशोकाच्या ओडिशातल्या धौलीच्या लेखात राजा स्वतःला 'हकं' म्हणतो. पुढे प्राकृतात 'अहयं', प्राकृतानंतरच्या अपभ्रंश भाषेत 'हउं'. त्यातूनच गुजराती 'हुं', ब्रजभाषेतला 'हौं' आणि कोकणी 'हांव'. या बाबतीत कोकणी आणि गुजराती जुन्या वळणाच्या, आणि मराठी-हिंदी नव्या वळणाच्या. 'कोकणीने वेगळाच शब्द कुठून आणला' असं विचारणाऱ्यांना मी नेहमी उलट सांगतो: वेगळं मराठीने केलं.

मग मराठीने काय केलं? 'मी'च्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक 'मया' म्हणजे तृतीयेच्या रूपावरून, प्राकृत 'मए, मइ' अशा वाटेने. दुसरी 'अस्मि' म्हणजे '(मी) आहे' यावरून, जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताच्या व्याकरणात प्रथमेची जी रूपं दिली आहेत त्यांत 'म्मि, अम्मि' आहेत. मला पहिली जास्त पटते, निदान तिचा मोठा हात आहे असं वाटतं, आणि त्याचं कारण मराठी वाक्यातच दिसतं.

'त्याने आंबा खाल्ला', 'सीतेने आंबा खाल्ला', 'पोरांनी आंबा खाल्ला'. आणि 'मी आंबा खाल्ला'. इथे 'ने' कुठे गेला? क्रियापद आंब्याप्रमाणे चालतंय, 'मी पोळी खाल्ली' म्हटलं की लगेच बदलतं, म्हणजे रचना तीच आहे, 'मया आम्रः खादितः'ची. मग कर्त्याला प्रत्यय का नाही? कारण इथला 'मी' स्वतःच तृतीयेचा वारस आहे, त्याला 'ने'ची गरजच नव्हती. जुन्या मराठीत हे उघड दिसायचं, कारण कर्त्याचा 'मी' आणि तृतीयेचा 'मियां, म्यां' ही रूपं वेगळी होती. गावाकडे 'म्या न्हाई केलं' आणि 'त्वा सांगितलंस' अजून ऐकू येतं. त्याला अशुद्ध म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ते रूप प्रमाण मराठीपेक्षा जास्त नेमकं आहे. प्रमाण भाषेने दोन्हींना एकाच 'मी'त कोंबलं.

हिंदीचं आणखी गमतीचं. तिथे 'मैं' हाच 'मया'चा वंशज, पण लोक ते विसरले आणि वर पुन्हा 'ने' लावला: 'मैंने'. तृतीयेवर तृतीया. पण जुन्या पदात बघा. सूरदासांच्या नावावरचं 'मैया मोरी मैं नहिं माखन खायो' सगळ्यांना पाठ आहे. तिथे 'मैंने' नाही, नुसतं 'मैं', कारण तो 'मैं' म्हणजेच 'माझ्याकडून'. विदर्भात 'मीनं केलं' ऐकू येतं, तेही याच वाटेवर आहे.

गुजरातीने दोन्ही नीट वेगळे ठेवले: 'हुं जाउं छुं', पण 'में कह्युं'. कोकणीने आपल्या 'हांव'लाच प्रत्यय लावून 'हांवें केलें' केलं, पण 'म्हाका' आणि 'म्हजें' यांत 'म' आहेच. मराठीत 'मला, माझा, मज' तसेच. पसायदानातल्या 'तोषोनि मज द्यावें'मधला 'मज' संस्कृत 'मह्यम्'पासून, प्राकृत 'मज्झ' होऊन आला.

आता फारसी. तिथे अगदी हेच घडलं, आणि त्याचा पुरावा दगडावर आहे. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवउशने (आपण ज्याला डेरियस म्हणतो) इसवी सनापूर्वी 520च्या सुमारास मोठा लेख कोरवला. सुरुवात 'अदम् दारयवउश', मी दारयवउश. हा 'अदम्' म्हणजे आपला 'अहम्'. पण थोडं पुढे, पराक्रम सांगायची वेळ आली की 'इम त्य मना कर्तम्', हे जे मी केलं ते. तिथे 'अदम्' नाही, षष्ठीचा 'मना' आहे, शब्दशः 'माझं केलेलं'. हा 'मना' वाढत गेला आणि आजच्या फारसीत एकटा 'मन' उरला, 'अदम्' संपला. फारसीची नातलग कुर्मांजी कुर्दी अजून दोन्ही वापरते: 'एज़ दिचिम' म्हणजे मी जातो, पण 'मिन नान ख्वार' म्हणजे मी भाकरी खाल्ली. गुजरातीच्या 'हुं' आणि 'में'शी ताडून बघा, जोडी तंतोतंत जुळते.

याचं कारण फार गूढ नाही. माणूस स्वतःबद्दल बोलतो ते बहुतेक 'मी हे केलं, मी ते केलं' असंच. भूतकाळात 'म'चं रूप इतकं कानावर पडतं की हळूहळू तेच कर्ता होऊन बसतं. आयरिश 'मे'सुद्धा मुळात कर्मरूपच. इंग्रजीत 'इट इज मी' म्हणतातच, आणि इंग्रजीतून निघालेल्या पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये तर 'मी' हाच कर्ता झाला. तिथलं बहुवचन मराठी माणसाला लगेच कळेल: 'युमी' म्हणजे ऐकणाऱ्यासकट 'आपण', आणि 'मीपेला' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही'. इंग्रजीच्या एका 'वी'त हा भेद नाही. शेजारच्या वानुआतूच्या राष्ट्रगीताचं नावच 'युमी, युमी, युमी' आहे.

उरले फिनिश आणि स्वाहिली. स्वाहिलीचा 'मिमी' निव्वळ योगायोग. तिथे क्रियापदाला लागणारा 'मी' म्हणजे 'नि', 'निनाकुला' म्हणजे मी खातोय, आणि ते सगळं आफ्रिकेतल्या बांटू भाषांचं आपलं वेगळं घराणं आहे. फिनिश 'मिना'बद्दल मतं आहेत. उत्तर युरेशियात 'मी'साठी म आणि 'तू'साठी त अशी जोडी दूरवर दिसते, आणि त्यावरून काही जण फार जुनं नातं जोडतात. मी त्यांच्यातला नाही. सर्वनामं आखूड असतात, आणि 'म' हा तोंडाला सगळ्यात सोपा आवाज, त्यामुळे जुळणारे शब्द हवे तेवढे सापडतात. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण', इस्रायलला गेलेल्या मराठी बेने इस्रायलींना हे चांगलंच ठाऊक असणार. मध्य व्हिएतनाममध्ये 'मि' म्हणजे 'तू'. तेव्हा सुटा शब्द जुळला म्हणून काही ठरत नाही, अख्खी रूपावली जुळली तरच बोलायचं. 'अहम्, माम्' आणि 'एगो, मे' जुळतात ते या अर्थाने, जोडीने आणि विक्षिप्तपणासकट.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुवचनातही हेच झालंय. संस्कृत 'वयम्' आणि इंग्रजी 'वी' सख्खे, 'अस्मान्' आणि इंग्रजी 'अस' सख्खे. मराठीत 'वयम्' गेला, 'आम्ही' आला तो 'अस्म-'वरून, प्राकृत 'अम्हे' होऊन. बंगालीत हाच 'अम्हे' 'आमि' झाला आणि चक्क एकवचनी 'मी' बनला, मग बहुवचनासाठी त्यांना 'आमरा' नव्याने घडवावा लागला. 'मया'चा खरा बंगाली वारस 'मुइ' खेड्यापाड्यांत उरलाय, आपल्या 'म्या'सारखाच.