दाराकडे तोंड करून बसणारी मुलं

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. बहिणीचा सात वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपासून तुमच्याकडे राहतोय. त्याच्या घरी मारहाण रोजची होती, पैशांची ओढाताणही. आता त्याला कुणी बोट लावत नाही, तरी भांडं पडलं की तो कोपऱ्यात जातो, उशीखाली खाऊ लपवतो, आणि वर्गात लक्ष नसतं म्हणून बाईंनी त्याला 'मंद' ठरवलंय. त्यात ती बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची चाचणी तुम्ही त्याच्या वतीने भरली, सहा गुण आले, आणि मेंदूला कायमची इजा झाली असेल का या विचाराने तुमची झोप उडाली.

आधी त्या गुणांचं सांगते. त्या चाचणीचं मूळ फेलिट्टी आणि आंडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८ सालच्या अभ्यासात आहे. हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं, तेव्हा जितके आघात जास्त तितकं पुढे हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचं प्रमाण जास्त दिसलं. पण हे मोठ्या गटाचं झालं. एकेका माणसाचं भविष्य या आकड्यावरून ठरवू नका, असं खुद्द आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलंय. एखादी गोष्ट एकदा घडली की शंभरदा, आणि तेव्हा मुलाला जवळ घेणारं कुणी होतं का, हे त्या बेरजेत येतच नाही. तो कागद फाडून टाका.

आता दचकण्याचं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला इशारा देतो, ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं सुटतात, काळीज धडधडतं. धोका टळला, कुणी पोटाशी धरलं, की शरीर शांत होतं. ज्या घरात धोका टळतच नाही तिथे हे सगळं चालूच राहतं, आणि वाढता मेंदू त्यालाच रोजचं जगणं धरून घडत जातो. लक्ष एकवटणं, थांबून विचार करणं ही कपाळामागच्या भागाची कामं मग मागे पडतात.

मी बरीच वर्षं अशा मुलांबरोबर काम करतेय. आठ वर्षांची एक मुलगी नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. फळ्याकडे बसवलं तरी पाच मिनिटांत खुर्ची फिरलेली. धडा वाचून झाला की त्यातलं एक वाक्य तिला सांगता यायचं नाही. पण जिन्यात पाय वाजले की मान वर न करता सांगायची, कोण येतंय ते. एकदा तिने मला समजावून सांगितलं, की बाबांनी किल्ली हळू फिरवली तर काही होत नाही. खडाखडा फिरवली तर धाकट्या भावाला घेऊन पलंगाखाली जायचं. एवढा हिशेब ज्या डोक्यात बसतो त्याला मंद कसं म्हणायचं? सेथ पोलाक या संशोधकाने मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले, तर मार खाल्लेल्या मुलांनी राग इतरांच्या आधी ओळखला. तुमच्या भाच्याची हुशारी अजून त्या जुन्या घराच्या पहाऱ्यावर आहे. बाईंना हे जाऊन सांगा. त्याला दार दिसेल अशी जागा द्या, आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका म्हणावं.

बहिणीवरचा तुमचा राग मला कळतो. पण तिच्या गरिबीला तिचा हलगर्जीपणा समजू नका. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९९०च्या दशकात चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या घरोघरी जाऊ लागला. जेन कॉस्टेलो या संशोधक तिथल्या मुलांचा अभ्यास आधीपासूनच करत होत्या. ज्या घरांची गरिबी हटली, तिथल्या मुलांची भांडखोरी आणि हट्टीपणा कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका खाली आला. आईवडिलांना मुलांकडे बघायला वेळ मिळू लागला, हे त्याचं मोठं कारण दिसलं. चिंता आणि उदासी मात्र फारशी हटली नाही. म्हणजे घरातली चणचण मुलापर्यंत पोचते ती बरीचशी आईबापांच्या थकव्यातून, आणि पैसा आला की सगळंच निवळतं असंही नाही.

आणि 'कायमची' म्हणाल, तर हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं पाहिली. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे मानसिक आजार अशा बऱ्याच गोष्टी एकदम वाट्याला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं खंबीर, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचं एक तरी माणूस होतं. ते आईबापच होते असंही नाही.

भरवसा त्याला बोलून पटणार नाही, रोज तेच तसंच घडताना दिसलं तर पटेल. उशीखालचा खाऊ काढून घेऊ नका. झाकणाचा डबा द्या, फक्त त्याचा, आणि रोज त्याच्यासमोर भरा. लपवणं लगेच थांबणार नाही, काही महिने जातील. तुम्ही कधी चिडलात, तर थोड्या वेळाने परत त्याच्यापाशी जाऊन बसा. भांडण मिटतं, हे त्याने बहुधा पाहिलेलंच नाही.

खेळताना तेच मारहाणीचे प्रसंग पुन्हा पुन्हा येत असतील किंवा तो स्वतःला इजा करत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला थांबू नका. आघातातून गेलेल्या मुलांसाठी खास बोलण्याचे उपचार आहेत, आणि त्यांचा गुण येतो. रात्री तो किंचाळून उठतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, पुढचं त्यावरून सांगते.