करार लहान देशाच्या बाजूनं वाच

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

अमेरिका आणि फिलिपिन्स यांच्या संरक्षणसंबंधांवरचं तुझं टिपण नीट वाचलं. मेहनत दिसते. पण ते वॉशिंग्टनमध्ये बसून लिहिल्यासारखं वाटतं. अमेरिकेला काय हवं, चीनला कुठे रोखायचं, तैवानजवळ तळ कुठे मिळतील, हेच सगळीकडे आहे. मनिला, म्हणजे फिलिपिन्सचं सरकार, त्यात होकार देण्यापुरती येते. एवढं एक बदललंस तर बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसेल, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात मूळ मजकुरापासून कर. 30 ऑगस्ट 1951 रोजी सही झालेला परस्पर संरक्षण करार आठच कलमांचा आहे. फिलिपिन्सवर हल्ला झाला की अमेरिकेला युद्धात उतरावंच लागेल, असं तू लिहिलं आहेस. चौथं कलम पुन्हा वाच. पॅसिफिक क्षेत्रात एकावर सशस्त्र हल्ला झाला, तर दुसरा तो आपल्याही सुरक्षिततेला धोका मानेल आणि आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार त्याचा सामना करेल, एवढंच त्यात म्हटलं आहे. कसा, किती सैन्यानिशी, किती दिवसांत, याबद्दल अवाक्षर नाही. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, हे नाटोच्या करारातलं कलम इथे नाही.

पाचव्या कलमात हल्ला कशाकशावर झाला तर तो धरायचा, हे सांगितलं आहे: मुख्य भूमी, पॅसिफिकमधली ताब्यातली बेटं, सैन्य, सरकारी जहाजं, विमानं. पण दक्षिण चीन समुद्र या पॅसिफिकमध्ये येतो का? अमेरिकेनं याचं उत्तर वर्षानुवर्षं मोघम ठेवलं. डिसेंबर 2018 मध्ये फिलिपिन्सचे संरक्षणमंत्री डेल्फिन लोरेन्झाना यांनी कराराचाच फेरआढावा घ्या, अशी मागणी केली. 1 मार्च 2019 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ मनिलात आले आणि दक्षिण चीन समुद्र करारात येतो, हे जाहीरपणे बोलले. मे 2023 च्या दोन्ही देशांच्या संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांत तटरक्षक दलाच्या नौकाही स्पष्टपणे आल्या. करारातलं एक अक्षरही न बदलता त्याची व्याप्ती वाढली, आणि ती वाढवण्यासाठी रेटा लावला तो लहान देशानं. तुझ्या टिपणात हे सगळं एका ओळीत, अमेरिकेचा निर्णय म्हणून आलं आहे.

आता याच्यापुढची गोष्ट बघ. पॉम्पिओ हे बोलून गेल्यावर काही दिवसांतच लोरेन्झाना म्हणाले की आपल्याला चिंता आश्वासनाची नाही; आपण न मागितलेल्या युद्धात ओढले जाऊ, ही खरी चिंता आहे. एकाच माणसाच्या तोंडून या दोन्ही गोष्टी आल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. मोठा मित्र ऐनवेळी पाठ फिरवील ही एक भीती, आणि तो आपल्याला त्याच्या भांडणात ओढील ही दुसरी. एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते. मनिलाचं गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं वागणं तुला धरसोडीचं वाटलं. या दोन भीती समोर ठेवून पाहिलंस तर त्यात सुसंगती दिसेल.

तू तैनाती फौजेचा दाखला दिला आहेस. मराठी वाचकाला तो लगेच पटेल, आणि म्हणूनच तो जपून वापरायला हवा. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांचं किमान सहा हजार पायदळ आपल्या राज्यात कायमचं ठेवून घेतलं, त्याच्या खर्चासाठी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि निजाम-गायकवाडांशी असलेल्या वादांचा निवाडाही इंग्रजांच्या हाती सोपवला. ती फौज परत पाठवण्याचा मार्ग त्यानं शिल्लक ठेवला नव्हता. फिलिपिन्सकडे तो होता आणि त्यानं तो वापरला.

16 सप्टेंबर 1991 चा दिवस तुझ्या टिपणात सविस्तर यायला हवा. 1947 च्या करारानं अमेरिकेला तळ 99 वर्षांसाठी मिळाले होते. 1966 मध्ये ती मुदत 25 वर्षांवर आली आणि 1991 मध्ये संपत होती. जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, क्लार्कचा हवाई तळ राखेखाली गेला आणि अमेरिकेनं तो सोडून दिला. प्रश्न उरला सुबिकच्या नाविक तळाचा. नव्या करारात आणखी दहा वर्षांसाठी दरसाल सुमारे 20 कोटी डॉलर देऊ केले होते. राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो कराराच्या बाजूनं होत्या आणि त्यासाठी स्वतः मोर्चा घेऊन सिनेटवर गेल्या. तरीही सिनेटनं 12 विरुद्ध 11 मतांनी तो फेटाळला. नोव्हेंबर 1992 मध्ये शेवटचे अमेरिकन सैनिक सुबिक सोडून गेले. 1898 पासून पाय रोवून बसलेल्या महासत्तेला एका सभागृहातल्या मतदानानं निघावं लागलं. परस्पर संरक्षण करार मात्र तसाच राहिला.

इथे एक सावधगिरी. 1995 मध्ये चीननं दक्षिण चीन समुद्रातल्या मिस्चीफ रीफ या प्रवाळखडकावर बांधकाम केल्याचं उघड झालं. अमेरिका गेली म्हणून चीन आला, असं सरळ समीकरण बरेच जण मांडतात, तूही मांडलं आहेस. त्यात तथ्य असेल, पण पुरावा तेवढा सरळ नाही. पॅरासेल बेटांचा पश्चिम भाग चीननं दक्षिण व्हिएतनामकडून 1974 मध्ये घेतला, तेव्हा सुबिक आणि क्लार्क दोन्ही भरात होते. त्याच समुद्रातल्या स्कारबोरो शोलचा ताबा 2012 मध्ये फिलिपिन्सकडून चीनकडे गेला, तेव्हा संरक्षण करार लागू होता आणि अमेरिकन सैन्याचं येणंजाणंही सुरू होतं. तळ असणं आणि मित्र आपल्यासाठी उभा राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकन सैन्य परत आलं, पण कसं आलं ते बघ. 1987 च्या राज्यघटनेनुसार सिनेटनं मान्य केलेल्या तहाशिवाय परदेशी तळ ठेवता येत नाही. म्हणून 2014 च्या वाढीव संरक्षण सहकार्य करारात तळ हा शब्दच टाळला. फिलिपिन्सच्याच छावण्यांत ठरलेल्या जागा, तिथे अमेरिकेनं बांधकाम करायचं, साहित्य ठेवायचं, सैनिक आळीपाळीनं येणार, मालकी फिलिपिन्सची. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2016 मध्ये बहुमतानं वैध ठरलं. आधी पाच जागा होत्या, 2023 मध्ये आणखी चार मिळून नऊ झाल्या. त्यांतल्या तीन लुझोन बेटाच्या उत्तर भागात आहेत, तैवानच्या दिशेला, आणि तिथल्या कागायान प्रांताच्या गव्हर्नरनंच उघड विरोध केला. तैवानमध्ये लाखाहून अधिक फिलिपिनो कामगार आहेत हेही लक्षात घे. तिथलं युद्ध मनिलाला दूरचं राहणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका जहाजाला दे. बीआरपी सिएरा माद्रे हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन जहाज. 1999 मध्ये फिलिपिन्सनं ते दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ जागेवर मुद्दाम रुतवलं. आज त्याचा पत्रा गंजून जागोजागी भोकं पडली आहेत, तरी आत मरीन सैनिकांची लहानशी तुकडी राहते. जहाज नौदलाच्या यादीतून काढलेलं नाही, म्हणून पाचव्या कलमातल्या सरकारी जहाजांत ते आजही मोडतं. त्या सैनिकांना अन्नपाणी पोचवणाऱ्या बोटींवर चिनी तटरक्षक दल पाण्याचे फवारे मारत असे. 17 जून 2024 रोजी चाकू, कुऱ्हाडी घेऊन चिनी जवान बोटींना भिडले आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला.

त्यानंतर मनिलानं काय केलं? आधी एका अधिकाऱ्यानं याला गैरसमज किंवा अपघात म्हटलं. काही दिवसांत सरकारनं भूमिका बदलली: कृत्य हेतुपुरस्सर होतं, पण सशस्त्र हल्ला नव्हता. जुलैमध्ये रसद पोचवण्याबाबत चीनशी तात्पुरती समजूत झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेनं 50 कोटी डॉलरची लष्करी मदत जाहीर केली. करार कधी लागू करायचा नाही, हेही लहान देशानंच ठरवलं. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी थोडंच आधी सिंगापूरमध्ये सांगितलं होतं की हेतुपुरस्सर कृत्यात फिलिपिनो नागरिक मेला तर ते युद्धाच्या अगदी जवळ जाईल. मर्यादा कुठे आहे ते सांगून ठेवलं, आणि ती ओलांडली गेली नाही असंही स्वतःच ठरवलं. या सहा आठवड्यांवर एक स्वतंत्र प्रकरण होईल.

तळांच्या आसपासची माणसं विसरू नकोस. सुबिकला लागून असलेल्या ओलोंगापोत 2014 मध्ये एका अमेरिकन मरीननं एका ट्रान्सजेंडर स्त्रीला ठार मारलं. त्याला शिक्षा झाली आणि 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी माफी दिली. आरोपी सैनिक कोणाच्या ताब्यात राहायचा, हा सैन्यभेट करारातला, म्हणजे अमेरिकन सैनिकांच्या येण्याजाण्याचे नियम ठरवणाऱ्या करारातला, मुद्दा आपल्याला तांत्रिक वाटतो. तिथल्या रस्त्यावर लोक उतरतात ते त्याच मुद्द्यावर.

भारताचा भाग आटोपशीर ठेव. जानेवारी 2022 मध्ये फिलिपिन्सनं सुमारे 37.5 कोटी डॉलरची ब्राह्मोस क्षेपणास्त्रं घ्यायचं ठरवलं, पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये पोचली. आपल्याला अभिमान वाटतो, वाटावा. पण भारत तिथे मित्र आणि विक्रेता आहे, रक्षणकर्ता नाही. एकाच मोठ्या मित्रावर भिस्त नको म्हणून मनिला जपान, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडे वळते, त्या ओघात हा व्यवहार मांड.

आता कामाचं. पुढच्या खर्ड्यात विषय 2018 ते 2024 एवढाच धर. 1951 चा करार, 2014 चा करार आणि 2023 ची तत्त्वं शेजारी ठेवून वाच, कुठला शब्द कधी आला त्याचा तक्ता कर. सिनेटमधली भाषणं आणि न्यायालयाचा निकाल इंग्रजीत मिळतो. मनिलाची वर्तमानपत्रं रोज चाळ, अमेरिकन संस्थांचे अहवाल त्यानंतर. तक्ता तयार झाला की आधी तोच पाठव. टिपण नंतर बघू.

तुझा,
सर