कॅनडात घराची ऑफर देणं म्हणजे विसार देणं नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) आलीये, मार्चमध्ये तुम्ही तिकडच्या ऑन्टारिओ प्रांतात जाताय, नाशिकचा पाथर्डी फाट्याचा फ्लॅट विकायला काढलाय आणि गेल्या गेल्या घर घ्यायचं डोक्यात आहे, पण तिकडे म्हणे घर आवडलं की लेखी ऑफर द्यावी लागते, तर त्यात लिहायचं काय, टोकन किती, आणि नंतर नको वाटलं तर पैसे परत मिळतात का. मी ऑन्टारिओतच, किचनरला राहते, आमचं घर २०१९ ला घेतलं, आत्ता सुट्टीला आईकडे इंदिरानगरला आलेय म्हणून निवांत लिहिते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी ते टोकन डोक्यातून काढ. आपल्याकडे कसं, फ्लॅट बघितला, एजंट म्हणतो अजून दोन पार्ट्या येऊन गेल्यात, मग तोंडी बोलणी, मग एकावन्न हजार टोकन, मग विसार पावती, मग वकिलाचा सर्च रिपोर्ट, मग साठेखत, यात दोन महिने आरामात जातात आणि मधेच कुणीतरी "घरचे नाही म्हणतायत" म्हणून मोडता घालतं. आधी बोलणं, शेवटी कागद. तिकडे बरोबर उलटं. तोंडी काय बोललास त्याला जागेच्या व्यवहारात काडीची किंमत नाही, आणि पहिल्याच दिवशी जो कागद तू ऑफर म्हणून पाठवतोस तोच, समोरच्याने सही केली की, पूर्ण करार. वेगळं साठेखत नंतर होत नाही. त्या फॉर्मचं नावच 'अ‍ॅग्रीमेंट ऑफ परचेस अँड सेल' आहे, जुन्या घरांसाठी एजंट लोक बहुतेक फॉर्म नंबर १०० वापरतात. म्हणजे तू किंमत विचारत नाहीयेस, तू सही करून मोकळा झालायस, आता फक्त त्याची सही बाकी आहे. एवढं एक पक्कं धरलंस की बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात.

त्यात 'इर्रिव्होकेबल' म्हणून एक ओळ असते, तिथे तारीख आणि वेळ टाकतात. त्या वेळेपर्यंत तुझी ऑफर उभी, मागे घेता येत नाही, आणि तेवढ्यात त्याने सही केली तर तू बांधला गेलास. वेळ उलटून गेली तर ऑफर आपोआप रद्द. ही वेळ सढळ हाताने देऊ नकोस, चांगली दोन-तीन दिवसांची दिली की त्यांचा एजंट तुझी ऑफर खिशात ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकांना फोन लावत बसतो.

आमची ऑफर आम्ही एका टिम हॉर्टन्सच्या, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या दुकानाच्या, पार्किंगमध्ये गाडीत बसून दिली, फेब्रुवारी, बाहेर बर्फ, हीटर चालू, मागे लेक झोपलेली, आणि फोनच्या स्क्रीनवर बोटाने सह्या. घराचे ४,७९,००० डॉलर मागत होते, आम्ही ४,६२,००० टाकले, वेळ रात्री ११ पर्यंतची. १०:४० ला उत्तर आलं, त्याला तिकडे 'साइन बॅक' म्हणतात, म्हणजे तुझ्याच कागदावर आकडा खोडून स्वतःचा आकडा लिहायचा, शेजारी छोटी सही करायची आणि नवीन वेळ टाकून परत पाठवायचं. त्यांनी ४,७४,००० केले होते. आम्ही दोघं त्या आकड्यावरच भांडत बसलो, नवरा म्हणे देऊन टाकू, मी म्हटलं अजिबात नाही, आणि आमचा एजंट शांतपणे म्हणाला की बाकीचं वाचलं का? तेव्हा दिसलं, ताबा द्यायची तारीख त्यांनी तीन आठवडे पुढे ढकललेली आणि सामानाच्या यादीतून वॉशर-ड्रायरवर काट मारलेली. आम्ही भाड्याचं घर सोडायची नोटीस आधीच दिलेली, ते तीन आठवडे कुठे काढले असते देव जाणे. मग ४,६९,०००, जुनी तारीख, वॉशर-ड्रायर परत, असं करून पाठवलं आणि पावणेबाराला त्यांची सही आली. कागद परत आला की दर वेळी पहिल्या पानापासून वाचायचा, हे मी त्या रात्री शिकले.

आता मुद्द्याचं, म्हणजे कंडिशन्स. ऑफरला मागे 'शेड्यूल ए' म्हणून पानं जोडतात, तुझ्या सगळ्या अटी तिथे. मुख्य दोन. एक फायनान्सची, कर्ज मंजूर झालं तरच व्यवहार. बँकेने आधी दिलेलं प्री-अप्रूव्हल म्हणजे मंजुरी नव्हे रे, बँक घराचं स्वतःचं व्हॅल्युएशन करते आणि ते कमी आलं तर फरक तुझ्या खिशातून. दुसरी होम इन्स्पेक्शनची, आपण माणूस लावून छप्पर, फर्नेस (घर गरम ठेवायचं यंत्र), वायरिंग, तळघरातली ओल तपासून घ्यायची. यांना साधारण पाच कामकाजाचे दिवस घेतात. आणि इथे एक गोम आहे जी नाशिकहून गेलेल्या माणसाला पटकन कळत नाही. तेवढ्या दिवसांत तू लेखी कळवायचं असतं की अट पूर्ण झाली किंवा मी ती सोडून देतो. नेहमीच्या शब्दांत अट लिहिलेली असेल तर तू गप्प बसलास की व्यवहार मेला, डिपॉझिट, म्हणजे ऑफर मान्य झाल्यावर भरलेली रक्कम, परत. आपण समजतो की काही प्रॉब्लेम असेल तरच बोलायचं, तिकडे प्रॉब्लेम नसेल तर बोलायचं. आमच्या इन्स्पेक्शनमध्ये माळ्यावर बुरशी निघाली, बाथरूमच्या एक्झॉस्टचा पाइप बाहेर न काढता माळ्यातच सोडून दिलेला, वाफ सगळी वर. मग अट सोडण्याच्या बदल्यात ते काम त्यांच्या खर्चाने करून घेतलं, आणि तेही लेखी, करारातली दुरुस्ती म्हणून वेगळा कागद करून.

सगळ्या अटी गेल्या की त्याला 'फर्म' म्हणतात. फर्म झाल्यावर मन बदललं तर टोकन बुडालं एवढ्यावर भागत नाही. डिपॉझिट जातंच, वर मालकाने घर दुसऱ्याला कमी भावात विकलं तर तो फरकही तुझ्याकडून कोर्टात मागू शकतो. २०२२ च्या सुरुवातीला भाव अगदी टिपेला होते, लोक चढाओढीत एकही अट न टाकता ऑफरी देत होते, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून बँक ऑफ कॅनडाने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, व्याजदर वाढवायला घेतला, ०.२५ टक्क्यांवरून जुलै २०२३ पर्यंत ५ टक्के, आणि घरांचे भाव उतरले. ओळखीतलं एक नाशिककरच जोडपं त्यात सापडलं, ताब्याच्या वेळेला बँकेने घराची किंमत कमी धरली आणि फरक भरायला सासऱ्यांना मखमलाबादचा प्लॉट मिळेल त्या भावात काढावा लागला. हो, आणि जुन्या घराला ऑन्टारिओत "तीन दिवसांत विचार बदला" अशी सोय नाही, ती ब्रिटिश कोलंबियात आहे, २०२३ पासून. ऑन्टारिओत बिल्डरकडून नवीन कॉन्डो, म्हणजे आपल्या सोसायटीसारख्या इमारतीतला फ्लॅट, घेतलास तर १० दिवस मिळतात.

डिपॉझिट किती, तर टोरंटोच्या आसपास किमतीच्या ५ टक्के सर्रास, आम्ही २०,००० दिले होते. ऑफर मान्य झाल्यापासून साधारण २४ तासांत बँक ड्राफ्ट द्यायचा, म्हणजे पैसे आधीच तिकडच्या खात्यात हवेत, एफडी मोडतो आणि पाठवतो हे चालत नाही. ते मालकाच्या हातात जात नाहीत, त्याच्या एजंटच्या कंपनीच्या ट्रस्ट खात्यात पडून राहतात आणि शेवटी तुझ्या डाउन पेमेंटमध्ये धरतात. कॅश किती, व्हाइट किती हा आपला लाडका प्रश्न तिकडे तोंडातून काढू पण नकोस.

चढाओढीचं सांगते. माझं आजोळ निफाडकडचं, लहानपणी मामाच्या ट्रॅक्टरवर बसून लासलगावला कांद्याच्या लिलावाला गेलेय. व्यापारी ट्रॉलीभोवती उभे, एकाने भाव पुकारला की दुसरा वर पुकारतो, सगळ्यांच्या कानावर. तिकडचा घराचा लिलाव मुका असतो. घर मुद्दाम कमी किमतीला लावतात आणि म्हणतात मंगळवारी संध्याकाळी सातला ऑफरी बघू, मग आठ-दहा जण आपापले आकडे पाठवतात, आणि कुणी किती टाकले हे तुला कळत नाही. किती ऑफरी आल्यात हा आकडा मात्र सांगावाच लागतो. डिसेंबर २०२३ पासून नवीन कायद्याने मालकाला वाटलं तर तो ऑफरीतला मजकूर बाकीच्यांना सांगू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. अशा वेळी एजंट हळूच म्हणतो की अटी काढल्या तर आपली ऑफर स्वच्छ दिसेल. तू नवीन, नोकरी नवीन, क्रेडिट हिस्टरी शून्य, तुला फायनान्सची अट काढणं परवडणार नाही. घर जाऊ दे खुशाल.

फॉर्ममध्ये अजून तीन रकाने आहेत जे कुणी नीट वाचत नाही, आम्हीही वाचले नाहीत. घरासोबत काय काय मिळणार, कुठली बसवलेली वस्तू मालक काढून नेणार, आणि भाड्याच्या वस्तू कुठल्या. तिसऱ्यात आमच्याकडे लिहिलेलं, "हॉट वॉटर टँक, भाड्याचा असल्यास." असल्यास म्हणे! राहायला गेल्यावर दुसऱ्या महिन्यात बिल आलं तेव्हा कळलं की गिझर भाड्याचा आहे, आणि त्या रकान्यावर सही करून तो करार आम्हीच अंगावर घेतलाय. ज्याने ते लिहिलं त्याचा दोष आहेच, पण खाली सही माझी होती. तू आधीच विचार, फर्नेस, एसी, टँक, एकेकाचं नाव घेऊन विचार, मालकीचं की भाड्याचं, आणि तसं स्पष्ट लिहून घे. फ्रिज-शेगडीचं मॉडेलसुद्धा लिही, नाहीतर ताब्याच्या दिवशी भलताच जुना फ्रिज उभा असतो.

कॉन्डो बघत असशील तर 'स्टेटस सर्टिफिकेट'ची अट टाक. आपल्या सोसायटीच्या एनओसीचा मोठा भाऊ समज, त्यात फंडात किती शिल्लक आहे, ज्यादा वर्गणी येणारे का, कोर्टकचेरी चालू आहे का सगळं असतं. फी १०० डॉलर, मिळायला १० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि ते वकिलाकडून वाचून घे, स्वतः नको.

आता पीआरचं. हातात कागद आलाय, पण लँडिंग होईपर्यंत तू पीआर नाहीस. परदेशी लोकांना घर घ्यायला बंदी आहे, १ जानेवारी २०२३ ला लागू झाली आणि नंतर १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली, काही वर्क परमिटवाल्यांना त्यात सूट आहे, शिवाय ऑन्टारिओत परदेशी खरेदीदाराला २५ टक्के वेगळा कर. पीआरला दोन्ही लागू नाही, पण म्हणूनच इथे नाशकात बसून व्हिडिओ कॉलवर घर बघून ऑफर ठोकू नकोस. आपल्या स्टॅम्प ड्यूटीसारखा तिकडे लँड ट्रान्स्फर टॅक्स, आम्हाला ४,६९,००० वर ५,८५५ बसला, पहिलं घर म्हणून त्यातले ४,००० माफ, ही माफीसुद्धा नागरिक किंवा पीआरलाच. टोरंटो शहरात घेतलंस तर शहराचा कर अजून वेगळा, जवळपास तेवढाच. दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठे, फोटो, साक्षीदार असलं काही नाही, वकील लोक ऑनलाइन करतात.

फ्लॅटचे पैसे. बँक डाउन पेमेंटचा मागच्या ९० दिवसांचा हिशोब मागते, मोठी रक्कम आली की कुठून आली त्याचा कागद लागतो, म्हणून खरेदीखताची प्रत, टीडीएसचे कागद, सीएचं सर्टिफिकेट सगळं सोबत ने. शक्यतो जायच्या आधी विकून टाक, तिकडून एनआरआय म्हणून विकलंस तर घेणारा टीडीएस बराच जास्त कापतो आणि ते पैसे सोडवायला वेळ जातो. ते आधी कर, आणि मग निदान सहा महिने भाड्याने राहा, एक हिवाळा बघ, घर कुठे घ्यायचं ते आपोआप ठरेल.

शेवटचं, नावं. ऑफरवर नाव पासपोर्टवर आहे तसंच टाक. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, नवऱ्याचं मधलं नाव कधी आहे कधी नाही, वकिलाने त्यावर दोन शपथपत्रं करून घेतली. बायको मागाहून येणार म्हणालास ना, तिचंही नाव हवं असेल तर पहिल्या ऑफरवरच घाल, ऑनलाइन सही ती इथूनही करू शकते. मी चौदा तारखेपर्यंत इथे आहे, फॉर्म १०० ची कोरी प्रत आणलीये, पाचनंतर ये म्हणजे बसून एकेक ओळ दाखवते, दुपारी नको, आई झोपलेली असते.