साताऱ्यात हीट पंप बसवताय? आधी जागा बघा

घरात चार-पाच माणसं असतील तर पाणी तापवायला डोळे झाकून हीट पंप घ्या. एकट्या-दुकट्याला मात्र साधा गीझर बरा, कारण पंपाची सुरुवातीची किंमत बरीच जास्त असते.

गीझर विजेतून उष्णता तयार करतो, पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला गीझर साधारण 7 युनिट खातो, पंपाचं अडीचच्या आसपास भागतं. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ दिवस-दिवस उघडत नाही, सोलर तेव्हा रुसतो; पंप चालूच राहतो.

जागेत मात्र तडजोड नको. हा गार हवा बाहेर फेकतो. बंद बाथरूममध्ये तीच हवा परत ओढली की सगळा फायदा गेला. गच्चीवर, पत्र्याखाली, झोपायच्या खोलीपासून लांब बसवा. खाली थेंब-थेंब पाणी पडेल, ती गळती नव्हे, हवेतलं बाष्प आहे. त्याला नळी जोडून द्या.

थंडीत टायमर पहाटेचा नको, दुपारचा लावा. ऊन हवेत पाणी लवकर तापतं आणि चांगल्या टाकीत सकाळपर्यंत टिकतं. बोअरचं पाणी असेल तर टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघायला सांगा.